जीआयएस सर्टिफिकेट कोर्स, इंदूर: कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर 2024

10 जून 2024

फाईल मंजूर झाली एकदाची. जीआयएस म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळणं, त्याचा 6 महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, 4 क्रेडिट, त्यातले 2 थिअरीचे 2 प्रॅक्टिकलचे, थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं आणि प्रॅक्टिकलचं 30 चं, म्हणजे हातात एकूण 90 तास. भूगोल, सिव्हिल, बॉटनी, सोशल वर्क अशी चारी बाजूंची मुलं येणार. सर म्हणाले जुना सिलॅबस आहेच, तोच थोडा झाडून-पुसून वापरा. मी घरी येऊन तो परत नीट वाचला आणि मला तो नको आहे. पहिलं युनिट व्याख्या, दुसरं इतिहास, तिसरं रास्टर-व्हेक्टर (ठिपक्यांचा डेटा आणि रेषा-बिंदूंचा डेटा), शेवटी उपयोग, आणि प्रॅक्टिकल म्हणजे स्क्रीनशॉट चिकटवलेली जर्नल. दोन वर्षं मी हेच शिकवलं. मागच्या वर्षीची एक मुलगी मार्चमध्ये भेटायला आली होती, एका कंत्राटदाराकडे पाण्याच्या पाइपलाइनचे नकाशे करते, म्हणाली मॅम माझी सगळी लाइन रस्त्यापासून शंभरेक मीटर सरकलेली निघाली, साइटवर खोदायला गेले तेव्हा कळलं. जुना टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा) एव्हरेस्ट डेटमवर, वरची सॅटेलाइट इमेज डब्ल्यूजीएस 84 ह्या दुसऱ्या डेटमवर (डेटम म्हणजे मोजणीचा मूळ आधार), आणि मधे रूपांतर केलंच नाही. तिला क्लिप (हवा तेवढा भाग कापणं) येतं, बफर (भोवती ठरावीक अंतराचा पट्टा काढणं) येतं, लेआउट छान करते, पण लेयर म्हणजे नकाशाचा एकेक थर हातात आल्यावर तो कुठून आला हे विचारायचं असतं हे मी तिला शिकवलं नव्हतं. ते तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

ह्या नोंदी मराठीत लिहितेय कारण क्लास हिंदीत होतो, रिपोर्ट इंग्रजीत जातो, आणि विचार मात्र मी मराठीतच करते. शिवाय पुण्या-नाशिककडची काही मंडळी असेच कोर्स करतायत, त्यांनाही पाठवता येतील.

14 जून

सिलॅबसची मीटिंग. सॉफ्टवेअरवरून पाऊण तास गेला. आपल्याकडच्या विकतच्या सॉफ्टवेअरचं लायसन संपलंय, नवीन घ्यायचं तर पूर्ण बजेट त्यातच जाईल. मी क्यूजीआयएस म्हटलं, नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर, एक सर म्हणाले फुकटचं आहे म्हणजे कंपन्या विचारणार नाहीत. मी म्हटलं 2002 पासून चालू असलेला प्रकल्प आहे, जगभर सरकारी खात्यांत वापरतात, आणि मुलगा घरी गेला, धारला खरगोनला गेला, तरी त्याच्या लॅपटॉपवर तेच सॉफ्टवेअर राहील, कोर्स संपला म्हणून बंद पडणार नाही. शेवटी सरांनीच मान्य केलं. लॅबमध्ये 3.34 टाकायचं, लाँग टर्म व्हर्जन आहे, मधेच बटणं बदलणार नाहीत.

दुसरा मुद्दा मात्र मला पटवता आला नाही अजून. मला पहिले दोन आठवडे कॉम्प्युटर बंद हवेत, फक्त कागदी नकाशा आणि पायी फिरणं. सगळ्यांचं म्हणणं मुलं पळून जातील, ती सॉफ्टवेअर शिकायला येतात. बघू.

19 जून

लॅब मोजली. 22 मशिन्स, त्यातली 15 चालू, 9 मध्ये 4 जीबी रॅम. मोठी सॅटेलाइट इमेज उघडली की ही नऊ गपगार होतात. म्हणून ठरवलं की सेंटिनेल उपग्रहाच्या इमेजची पूर्ण टाइल कुणालाच द्यायची नाही, इंदूरपुरती कापून, फक्त चार बँड (रंगांचे पट्टे) ठेवून पेन ड्राइव्हवर द्यायची. नेट गेलं तरी क्लास चालला पाहिजे हा नियम.

27 जून

पाऊस सुरू. आज लायब्ररीतल्या काकांनी मला जुन्या अहवालांच्या कपाटाशी बसू दिलं आणि नगररचनाकार पॅट्रिक गेडिसचा 1918 चा इंदूरचा अहवाल हातात आला, होळकर दरबारासाठी केलेला, दोन भागांत. दुसऱ्या भागात तर इंदूरमध्ये विद्यापीठ कसं असावं यावरच पानंच्या पानं आहेत. मला माहीत होतं असं काहीतरी आहे, पण नीट वाचलं आज. हा माणूस आधी शहर पायी फिरायचा, गल्ल्या, घाट, तळी, विहिरी, लोक कुठे बसतात कुठे पाणी भरतात, आणि मग प्लॅन. आधी सर्व्हे मग आराखडा. प्लेगच्या दिवसांत लोकांना पटावं म्हणून त्याने दिवाळीला मिरवणूक काढली, ज्या मोहल्ल्यांनी स्वच्छता केली त्या रस्त्यांनी मिरवणूक जाईल असं जाहीर केलं, आणि मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचा भला मोठा पुतळा होता. ज्या शहराला 2017 पासून दर वर्षी स्वच्छतेचा पहिला नंबर मिळतोय तिथल्या मुलांना हे सांगितलंच पाहिजे. आणि मीटिंगमध्ये मला जे धड मांडता आलं नाही ते इथे शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. सोमवारी ही पानं झेरॉक्स करून सरांना देते.

2 जुलै

सर वाचून म्हणाले, ठीक आहे, दोन आठवडे नाही, सहा तास घ्या कागदावर. घेतले.

15 जुलै

पहिला दिवस. 31 मुलं. टेबलावर टोपोशीट पसरलं, जुन्या नंबराने 46 एन/14, आणि म्हटलं आपापलं घर शोधा. राजवाडा सापडला, छावणी सापडली, रामबाग सापडलं, पण उत्तरेकडची चार-पाच मुलं शोधतच राहिली, घर काही केल्या मिळेना. कारण विजयनगरच्या आसपास 22 अंश 45 मिनिटांची रेषा येते आणि शीट तिथेच संपतं, वरचं इंदूर 46 एन/13 वर. मी मुद्दाम ते दुसरं शीट लपवून ठेवलं होतं. मग काढलं, जोडलं. एक मुलगा म्हणाला मॅम शहर एक आहे आणि नकाशे दोन, असं कोणी कापलं. मग शीटची नंबरिंगची पद्धत आली, 4 अंशांचा चौकोन, त्याचे सोळा, त्याचे परत सोळा, आणि कुणालाही ती पाठ करावी लागली नाही कारण ज्याचं घर कापलं गेलं त्याला ती हवीच होती.

मग स्केल. 1:50,000 म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर हा जमिनीवर 50 मीटर. पेन्सिलीची रेघच अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे तुमची रेघच 25 मीटर रुंद. बॉटनीची एक मुलगी लगेच म्हणाली मग ह्यावरून काढलेला ओढा कधीच 25 मीटरपेक्षा अचूक नसणार, स्क्रीनवर कितीही झूम केलं तरी. हेच वाक्य पूर्वी मी फळ्यावर लिहून द्यायचे. आज ते तिच्याकडून आलं.

22 जुलै

कॉम्प्युटर सुरू केले. गोंधळाचा दिवस पण फार उपयोगाचा. मुलांना एका बिंदूभोवती 50 मीटरचा बफर काढायला सांगितला, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची पद्धत) काही सांगितलं नाही. अर्ध्या वर्गाने 50 टाकलं आणि स्क्रीनवर एक गोळा आला जो इजिप्तपासून चीनच्या पलीकडे पोचला. कारण लेयर अक्षांश-रेखांशात, एकक अंश, आणि 50 म्हणजे 50 अंश. सॉफ्टवेअर तिथे छोट्या अक्षरात डिग्री लिहितं, इशाऱ्याचं चिन्हही दाखवतं, पण कोणी वाचत नाही. मग हिशोब केला: उत्तर-दक्षिण 1 अंश साधारण 111 किलोमीटर सगळीकडे, पण पूर्व-पश्चिम 1 अंश इंदूरच्या अक्षांशावर 103 च्या आसपास, म्हणजे अंशातलं वर्तुळ जमिनीवर वर्तुळ राहतच नाही. सिव्हिलच्या मुलांनी कॅल्क्युलेटर काढून स्वतः पडताळलं.

हे सगळं झाल्यावर मग यूटीएम सांगितलं, म्हणजे पृथ्वीचे 6-6 अंशांचे उभे झोन पाडून मीटरमध्ये मोजायचं प्रोजेक्शन; आपला झोन 43, सॉफ्टवेअरमधला कोड 32643. आता कोणी विसरणार नाही.

24 जुलै

झोनवरून आज छान गाडी निघाली. एक मुलगी ग्वाल्हेरची आहे, मराठीच, तिथल्या लष्कर भागातली. ती म्हणाली मॅम माझ्या घराचा बिंदू टाकला तर झोन 44 दाखवतोय, चुकलं का. नाही चुकलं. 78 रेखांशाची रेषा ग्वाल्हेर शहराच्या थोडी पश्चिमेने जाते, शहर 44 मध्ये आणि आपण 43 मध्ये. आणि हीच 78 ची रेषा म्हणजे लॅम्बटन आणि एव्हरेस्ट ह्या इंग्रज सर्व्हेअरांनी कन्याकुमारीपासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत मोजत नेलेला मोठा कंस साधारण जिच्या बाजूने गेला ती. लॅम्बटन ते मोजता मोजता 1823 मध्ये आपल्या वर्ध्याकडच्या हिंगणघाटला वारला, काम एव्हरेस्टने पुढे नेलं, आणि ह्या सगळ्या मोजणीचा उगमबिंदू ठरला तो सिरोंजजवळचं कल्याणपूर, विदिशा जिल्ह्यात, इथून एका दिवसात जाऊन येता येईल इतकं जवळ. भारतातल्या जुन्या टोपोशीटचा डेटम त्या टेकडीवरून निघालाय. पाइपलाइनवाल्या मुलीचे ते शंभर मीटर इथून आले.

उज्जैनही काढलं मुलांनी, ते काढणारच. भास्कराचार्यांनी मध्यरेषा सांगितली ती लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी, म्हणजे शून्य रेखांश आपल्या शेजारून जायचा. मी एवढंच म्हटलं की शून्य कुठून मोजायचा हे माणसांनी ठरवायचं असतं, म्हणून प्रत्येक लेयरला विचारायचं, बाबा तुझा शून्य कुठे आहे.

सिव्हिलवाल्यांसाठी एक जास्तीचं: यूटीएममध्ये मधल्या रेखांशावर, म्हणजे 75 वर, स्केल 0.9996 धरतात, किलोमीटरला 40 सेंटिमीटर कमी. इंदूर त्या रेषेपासून 88 किलोमीटरच्या आसपास पूर्वेला, इथे फरक 30 सेंटिमीटरवर येतो. टेपने मोजलेलं आणि स्क्रीनवरचं तंतोतंत का जुळत नाही हा त्यांचा जुना प्रश्न होता, खूश झाले.

6 ऑगस्ट

बिजली गेली, दोन तास. नकाशावरून हाताने पाणलोट काढला. जानापावच्या टेकडीवरून चंबळ निघते, आणि महूच्या खाली विंध्याची कड उतरली की पाणी नर्मदेला. एकाच डोंगराच्या दोन बाजूंचं पाणी एक गंगेकडे जातं आणि एक भडोचला समुद्राला. मुलांना माहीत होतं पण कंटूरवरून (समान उंचीच्या रेषांवरून) स्वतः रेघ काढल्यावर वेगळंच वाटलं त्यांना. पुढच्या आठवड्यात हेच डीईएमवरून (जमिनीच्या उंचीचा डिजिटल डेटा) मशीनकडून करून घ्यायचं आणि हाताच्या रेघेशी ताडायचं.

13 ऑगस्ट

मशीनची रेघ आणि हाताची रेघ शहराच्या सपाट भागात कुठल्या कुठे गेल्या. आमचा डीईएम एसआरटीएमचा, 2000 साली अवकाशयान शटलमधून 11 दिवसांत मोजलेला, पिक्सेल 30 मीटरचा, त्यात इमारती झाडं सगळं उंची म्हणून येतं. कान्ह नदीचा प्रवाह मशीनने दोन ठिकाणी वस्तीतून काढला. कोणाची रेघ बरोबर हे वर्गात ठरेना म्हणून शेवटी म्हटलं चला, नदी इथून किती लांब आहे. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी जाऊन उभे राहिलो, कान्ह आणि सरस्वतीचा संगम, भर पावसात. हाताची रेघ जास्त बरोबर होती. पण एका ठिकाणी दोन्ही चूक, तिथे नाला बांधून काढून वळवलाय आणि ते कुठल्याच नकाशावर नाही.

20 ऑगस्ट

अंतिम प्रोजेक्टचा विषय ठरला आणि तो मी ठरवला नाही. सोशल वर्कच्या एका मुलीने मांडला: झाकलेल्या विहिरी.

30 मार्च 2023, रामनवमी, पटेल नगरातल्या मंदिरात जुन्या बावडीवर (पायऱ्यांच्या विहिरीवर) टाकलेला स्लॅब कोसळला आणि 36 माणसं गेली. इंदूरमध्ये तो दिवस विसरलेला माणूस नाही. ती म्हणाली, मॅम, खाली बावडी आहे हे मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतं आणि वर बसणाऱ्यांना नसतं. मग आपण हे नकाशावर का आणत नाही, आपण एवढं शिकतोय तर. वर्ग एकदम शांत झाला. मी त्या संध्याकाळी घरी आईला विचारलं तर म्हणाली रामबागेतल्या आपल्या जुन्या वाड्यात होती की विहीर, 1978 च्या सुमारास नर्मदेचं पाणी नळाला आलं, मग हळूहळू कोणी उपसेना, फरशी टाकली, वर तुळशीवृंदावन बसवलं. मी त्या फरशीवर लहानपणी सागरगोटे खेळलेय. मला माहीतच नव्हतं.

26 ऑगस्ट

बॉटनीचा एक मुलगा हट्टाला पेटला की विहिरी सॅटेलाइटवरून शोधू. शोधू दिल्या. सेंटिनेल-2 चा पिक्सेल 10 मीटर, म्हणजे एका ठिपक्यात 100 चौरस मीटर, आणि वाड्यातली विहीर तीन मीटरची. शिवाय झाकलेली. आकाशातून दिसणारच नाही. तो हिरमुसला, पण हा धडा मला हवा होता: कुठला प्रश्न कुठल्या डेटाने सुटतो. टोपोशीटवर विहिरी निळ्या गोलाने दाखवतात पण गच्च वस्तीत नाही, आणि ज्या आहेत त्या स्केलमुळे 25-50 मीटर इकडे तिकडे. राहिला एकच डेटा, माणसांच्या डोक्यात असलेला.

3 सप्टेंबर

पटवारी काका आले, गावच्या जमिनीची मोजणी आणि नोंदी ठेवणारे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, ओळखीतून आले, एक रुपया घेतला नाही. महाराष्ट्रातली आमची नातेवाईक मंडळी तलाठी आणि सातबारा म्हणतात, इथे पटवारी, खसरा आणि बी-1, कागद तेच. काकांनी जरीब म्हणजे मोजणीची साखळी कशी ओढायची, मेड म्हणजे शेताचा बांध कसा धरायचा, कापडावरच्या नक्शात कोपऱ्याचा दगड कसा ओळखायचा हे अडीच तास सांगितलं, आणि मुलं मोबाइलला हात न लावता ऐकत होती. खसऱ्याच्या नोंदीत पूर्वी विहीर पक्की की कच्ची तेही लिहायचे म्हणाले. मी त्यांना विचारलं नक्शा चुकीचा असला तर तुम्ही काय करायचात. म्हणाले, "बेटा, आधी दोन म्हाताऱ्यांना विचारायचं, मग साखळी टाकायची, मग लिहायचं. आणि लिहिलं कोणाच्या सांगण्यावरून तेही लिहायचं."

मेटाडेटावर, म्हणजे डेटाबद्दलच्या माहितीवर, आजवर मी जी स्लाइड दाखवायचे त्यात हे एवढं स्वच्छ नव्हतं.

9 सप्टेंबर

काकांच्या वाक्यावरून मुलांनी प्रत्येक लेयरसाठी एक कागद तयार केला. कुठून आला, कधीचा, कोणी मोजला, कुठल्या डेटम-प्रोजेक्शनमध्ये, अचूकता किती, कोणाच्या सांगण्यावरून. ग्वाल्हेरची मुलगी म्हणाली ही लेयरची कुंडली झाली, जन्मवेळ जन्मस्थळ पाहिजेच. नाव पक्कं झालं. आता कुंडलीशिवाय लेयर तपासायला घेणार नाही असं मी जाहीर केलंय, आणि परीक्षेत 100 पैकी 30 गुण त्यालाच. ह्यावर विभागात विरोध होणार हे माहीत आहे.

17 सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. क्लास नाही. रात्री झांक्या म्हणजे चित्ररथ बघायला वर्गातली निम्मी मुलं भेटली, मिलच्या झांक्यांचा रस्ता त्यांनी गेल्या आठवड्यात सरावाला काढला होता, तो मोबाइलवर उघडून पुढे पुढे चालत होती.

23 सप्टेंबर

देवनागरीने दोन दिवस खाल्ले. मुलांनी तक्त्यात हिंदी-मराठी नावं भरली, शेपफाईल (नकाशाच्या लेयरचा जुना फॉरमॅट) सेव्ह केली, उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग. मग कळलं की कॉलमचं नावही तुटलंय, "विहीर"चं "विह" झालंय. शेपफाईलमध्ये कॉलमच्या नावाला 10 बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 ह्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइटचं, म्हणजे तीनच चिन्हं मावतात. हा फॉरमॅट बनवताना आपल्या लिपीचा विचार कोणाच्या डोक्यात नव्हता. आता सगळं जिओपॅकेज ह्या नव्या फॉरमॅटमध्ये, एकच फाईल, नावं पूर्ण राहतात, आणि शेपफाईलची एसएचपी पाठवली पण सोबतच्या डीबीएफ आणि पीआरजे फायली विसरले हा रोजचा रडगाऱ्हाण्याचा प्रकारही बंद. तरी शेपफाईल शिकवायची आहेच, ऑफिसांमधून अजून तीच येते. पण मोहल्ल्याचं नाव, देवळाचं नाव, सांगणाऱ्या आजीचे शब्द हे तिच्याच लिपीत राहिले पाहिजेत ह्यावर मी तडजोड करणार नाही. रामबाग रोमनमध्ये लिहिलं की त्याची चार स्पेलिंग होतात आणि मग जोडणी लागत नाही, हे नुसतं प्रेमाचं नाही, कामाचंही कारण आहे.

5 ऑक्टोबर

पहिला फील्ड दिवस, रामबाग-नारायणबाग. मोबाइलवर क्यूफील्ड (जागेवर जाऊन बिंदू नोंदवायचं ॲप), ऑफलाइन. उघड्या मैदानात फोन 4-5 मीटर अचूकता दाखवतो, गल्लीत शिरलं की 15-20. दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून सिग्नल आपटून येतात. 20 मीटर म्हणजे विहीर शेजारच्या वाड्यात. मुलं म्हणाली आता? मी म्हटलं काकांनी काय शिकवलं. मग टेप काढला. गल्लीचा जो कोपरा इमेजमध्ये स्पष्ट दिसतो तिथून अंतर आणि दिशा मोजायची आणि बिंदू ऑफिसात बसून टाकायचा. वेळ जास्त लागतो पण 2 मीटरच्या आत येतो.

एका वाड्यात 80 च्या पुढच्या आजी होत्या. मुलींना आत बोलावलं, पोहे केले, नको म्हणताना बळंच जिलबी आणवली. मग पलंगावरून न उठता सांगितलं, दरवाजातून आत आलं की सात पावलं, उजवीकडे वळून चार. तिथे आता स्वयंपाकघराची फरशी आहे. सूनबाईंना 22 वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचं बघून मला अवघडल्यासारखं झालं, आपण येऊन एका घराला काळजी लावून चाललो. परत येताना बसमध्ये ह्यावरच बोललो आम्ही.

8 ऑक्टोबर

त्या काळजीवर आज पूर्ण क्लास घेतला, सिलॅबसमध्ये नव्हता. ठरलं ते असं की घर ओळखू येईल असा बिंदू कुठेही जाहीर करायचा नाही, बाहेर दाखवायच्या नकाशात फक्त वॉर्डनिहाय आकडा, अचूक ठिकाण त्या घराला लेखी द्यायचं आणि घरच्यांनी हो म्हटलं तरच वॉर्ड ऑफिसला. फरशी ठोकून बघायची नाही, कोणी उघडायला सांगितलं तरी हात लावायचा नाही, ते इंजिनिअरचं काम. मंदिर, धर्मशाळा, शाळा अशी लोक जमणारी जागा असेल तर मात्र ताबडतोब कळवायचं. संमतीचा कागद हिंदी-मराठीत केला. हे 3 तास पुढच्या वर्षी सिलॅबसमध्ये पहिल्यापासून असतील.

वॉर्डनिहाय म्हटलं तर तिथेही खोच आहे, 2011 च्या जनगणनेचे वॉर्ड वेगळे आणि आजचे 85 वेगळे, हद्दी बदलल्यात. ज्याने जुनी हद्द आणि नवा आकडा जोडला त्याचा नकाशा दिसायला देखणा आणि पूर्ण चूक. दोन गटांनी तेच केलं. कुंडलीत तारीख भरताना त्यांनाच कळलं, मी काही बोलले नाही.

21 ऑक्टोबर

शिक्षकांचं प्रशिक्षण, 5 दिवस. देवास, धार, महू, खरगोन, उज्जैन इथल्या कॉलेजांतून 18 जण. कोर्स टिकायचा असेल तर हे मला मुलांच्या क्लासइतकंच महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दिवशी निम्म्या शिक्षकांनी माउसला हात लावला नाही, शेजारच्याचं बघत बसले. वरिष्ठ माणसाला सगळ्यांसमोर चुकायची भीती असते आणि आपण ती समजून घेत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी जोड्या लावल्या, एक शिक्षक आणि माझ्या बॅचमधला एक मुलगा किंवा मुलगी, आणि मी वर्गातून बाहेर गेले. तासाभराने आले तर खोली गजबजलेली. धारच्या एक मॅडम, भूगोल शिकवून 26 वर्षं झालेली, म्हणाल्या मी प्रक्षेपण (प्रोजेक्शन) आयुष्यभर फळ्यावर काढलं, कंपासने, उत्तम येतं मला, पण ते बदललं की क्षेत्रफळ बदलतं हे डोळ्याने आज पाहिलं. मग त्यांनीच उभं राहून सगळ्यांना शंकूचं आणि दंडगोलाचं प्रक्षेपण खडूने समजावलं, आणि माझी स्लाइड मी काढून टाकली.

24 ऑक्टोबर

डेटा कुठून आणायचा यावर शिक्षकांचे सगळ्यात जास्त प्रश्न. बऱ्याच जणांना अजून वाटतं नकाशा वापरला तर परवानगी काढावी लागेल. फेब्रुवारी 2021 पासून भारतीय संस्थांसाठी ते बंधन उठलंय, पुढे 2022 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरणही आलं. सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सीरीज शीट्स (सगळ्यांसाठी खुली) त्यांच्या पोर्टलवर मिळतात, इस्रोचं भुवन हे नकाशांचं पोर्टल 2009 पासून आहे, अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या इमेजचं भांडार 2008 पासून मोफत. डेहराडूनच्या आयआयआरएस ह्या रिमोट सेन्सिंग संस्थेचे दूरस्थ कोर्स आहेत, कॉलेजला नेटवर्कमध्ये येता येतं, तो अर्ज मी सगळ्यांकडून तिथेच बसून भरून घेतला, कारण घरी गेल्यावर राहतं.

11 नोव्हेंबर

दिवाळीनंतर 31 पैकी 27 मुलं परत आली. गेलेल्या चौघांना फोन केले. दोघांना नोकरी लागली, एकाच्या घरी आजारपण आहे, एक मुलगी म्हणाली घरून येणं जमत नाही, बस संध्याकाळी लवकर संपते. तिच्यासाठी वेळ बदलता आली असती, मी आधी विचारायला हवं होतं. जानेवारीच्या बॅचला लॅबची वेळ सकाळची करतेय.

26 नोव्हेंबर

परीक्षा. लेखी 2 तास, मग तोंडी. तोंडीत मी प्रत्येकाला दुसऱ्याच गटाचा लेयर उघडून दिला आणि एवढंच विचारलं की ह्यावर तू किती विश्वास ठेवशील आणि का. सिव्हिलच्या एका मुलाने कुंडलीतल्या सांगणाऱ्याच्या रकान्यापाशी थांबून म्हटलं, मॅम इथे एकाच माणसाने सांगितलंय, काका म्हणाले होते दोन, म्हणून मी हा बिंदू पक्का धरणार नाही, नकाशावर पोकळ गोल करेन. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे बघून काही म्हणाले नाहीत, पण त्यांनी स्वतःच्या वहीत ते लिहून घेतलं.

30 गुणांवरून विभागात अपेक्षेप्रमाणे चर्चा झाली. 25 वर आलो. चालेल.

9 डिसेंबर

विहिरींचं काम असं उभं आहे: 43 ठिकाणांची माहिती, त्यातली 29 दोन माणसांनी सांगितलेली, 14 पोकळ गोल. दोन ठिकाणं लोक जमणारी निघाली, एक धर्मशाळेचं अंगण आणि एक छोटं देऊळ. दोन्हीकडच्या विश्वस्तांना आणि वॉर्ड ऑफिसला ऑक्टोबरमध्येच पत्र दिलं होतं. देवळाने त्या कोपऱ्याला कठडा बांधला आणि पंगत दुसऱ्या बाजूला हलवली. धर्मशाळेकडून उत्तर नाही. गुरुवारी मी आणि त्या सोशल वर्कच्या मुली परत जाणार आहोत, तोपर्यंत तिथे बोर्ड तरी लावा असा फोन केलाय.

आईच्या वाड्याची नोंदही घातली. सांगणारी एकच, म्हणून पोकळ गोलच आहे. मामेभाऊ भोपाळला असतो, त्याला विचारायचं.

16 डिसेंबर

जिओपॅकेज आणि संमतीचे स्कॅन दोन हार्ड डिस्कवर, एक विभागात कुलपात, एक लायब्ररीतल्या काकांकडे. जानेवारीसाठी 46 एन/13 आणि 14 च्या नव्या प्रती छापायला टाकल्या, जुन्या घडीवर फाटल्यात. धारच्या मॅडमचा मेसेज आला, त्यांच्या कॉलेजने 2 क्रेडिटचा कोर्स घेतलाय, पहिल्या आठवड्याला पटवारी काका येतील का विचारतायत. काकांना गाडी पाठवली तर येतील म्हणाले, पण साखळी त्यांची त्यांनी आणायची नाही, जड आहे, ती आपल्या लॅबमधली न्यायची. शनिवारी त्यांच्याबरोबर नारायणबागेतली राहिलेली दोन घरं करायची आहेत, एका घरची आजी दुपारी झोपते, म्हणून 11 च्या आत पोचायचं.